पालथे फुलपात्र

आमच्या घरातल्या दुपारीला वालाचा वास होता. फडक्यात बांधून मोड आणलेले कडवे वाल आई कोमट पाण्यात सोडी आणि मग तो ओला, किंचित तुरट वास स्वयंपाकघरातून निघून पडद्याखालून बाहेरच्या खोलीत जाई. शहाबादी फरशीवर मधोमध परात आणि तिच्याभोवती आम्ही तिघे. वाल दोन बोटांत धरून जरासा दाबला की साल सुटते आणि आतला गुळगुळीत, हिरवट-पांढरा दाणा परातीत उडी घेतो. हे काम हात एकटेच करतात, डोके रिकामे राहते. आयुष्यात पुढे मी ग्रंथालयांत बसले, चर्चासत्रांत बसले, कवितेविषयी बोलणाऱ्या माणसांत तर वर्षानुवर्षे बसले. पण विचार करणे म्हटले की आजही माझ्या बोटांच्या टोकांना ओलसर चिकटपणा जाणवतो आणि नखांत अडकलेली वालाची साल टोचते.

बाबा क्लास चालवत. डोंबिवलीच्या पश्चिमेला, तळमजल्यावरच्या आमच्या दोन खोल्यांपैकी बाहेरची खोली क्लासची होती आणि आतली आमची. मध्ये आईच्या जुन्या साडीचा पडदा. सकाळी एक बॅच, संध्याकाळी एक, दोन्ही दहावीच्या, विषय गणित आणि शास्त्र. सतरंजीवर मुलेमुली दाटीवाटीने बसत, बाहेर ओट्याशी चपलांचा ढीग पडे आणि भिंतीला टेकवलेल्या सायकलींच्या घंट्या येणाऱ्या-जाणाऱ्याचा हात लागून उगीच वाजत. पडद्याच्या अलीकडे मी वाढले ती त्या मुलांच्या एकसुरात. 'हिवाळ्यात पहाटे गवतावर दव पडते. कारणे द्या,' असा बाबांचा आवाज येई आणि मग सगळी खोली एका दमात सुरू होई. कारण, हवेतील बाष्प, थंड पृष्ठभाग, सांद्रीभवन, आणि शेवटी ठेका धरून, 'म्हणून हिवाळ्यात पहाटे गवतावर दव पडते.' त्या 'म्हणून'वर सगळ्यांचा आवाज चढत असे. आई पोळी लाटताना त्या तालावर नकळत लाटणे फिरवी. त्या मुलांपैकी किती जणांनी पहाटे उठून दव पाहिले होते, कोण जाणे. मी तरी पाहिले नव्हते. दव मला पाठ होते.

दुपार मात्र आमची होती. माझी शाळा सकाळची, बाबांच्या बॅचेस दोन टोकांना, त्यामुळे जेवणापासून ते चार वाजताच्या चहापर्यंतचा वेळ मोकळा असे. त्या वेळात बाबा सर नसत. बनियनवर, मांडी घालून, चष्मा कपाळावर सरकवून बसलेले बाबा एखादा प्रश्न परातीत टाकत. त्या प्रश्नांचा कशालाच उपयोग नसे. सावलीला जाडी असते का? उंबऱ्यावर उभा असलेला माणूस घरात असतो की घराबाहेर? पाण्यात बुडवलेला चमचा आपल्याला वाकडा दिसतो, तर पाण्यातल्या माशाला आपण कसे दिसत असू? एकदा आईनेच विचारले, "हा वाल मी कसाही उलटासुलटा बांधला तरी मोड नेमका त्याच जागेतून फुटतो. त्याला कोण सांगतं?" त्यावर बाबा इतका वेळ गप्प राहिले, की आई म्हणाली, "अहो, मी सहज विचारलं. हात चालू ठेवा, संध्याकाळी बिरडं करायचंय."

या दुपारीला एक नियम होता आणि तो बाबांनी घातलेला होता. आमच्याकडे पाणी प्यायला पितळेची, कल्हई केलेली फुलपात्रे होती, प्रत्येकाचे वेगळे. ज्याला उत्तर सापडले असे वाटेल त्याने आपल्या फुलपात्रातले पाणी संपवायचे आणि ते फरशीवर पालथे घालायचे. बोलायचे नाही. हसायचेसुद्धा नाही. दुसऱ्याला सापडेपर्यंत थांबायचे, मग ते एका दुपारी सापडो की चार दिवसांनी. "उत्तर सांगितलं की समोरच्याचा विचार आपण खाऊन टाकतो," बाबा म्हणत. सगळी फुलपात्रे पालथी झाली की मग बोलायचे. पुष्कळदा प्रत्येकाचे उत्तर निराळे निघे. तशा वेळी बाबांचा चेहरा उजळे, ते स्वतः उठून सगळी फुलपात्रे पुन्हा सुलटी करत, त्यांत माठातले पाणी भरत आणि म्हणत, "चला, पहिल्यापासून."

फरशीवर पितळ टेकल्याचा तो आवाज मला फार प्रिय होता. टक्, आणि मागे बारीकशी थरथर. माझे उघडे, भरलेले फुलपात्र आणि समोर बाबांचे पालथे, हे दृश्य मला कधी टोचले नाही. उलट त्यात एक विलक्षण आदर होता, असे आता वाटते. एक मोठा माणूस उत्तर माहीत असूनही माझ्यासाठी गप्प बसला आहे, वाल सोलतो आहे, आणि त्याला मुळीच घाई नाही. पुढे मला कोणी इतका वेळ दिला नाही.

मी नववीत होते त्या वर्षी संध्याकाळच्या बॅचमध्ये कुंदा म्हात्रे नावाची मुलगी येत असे. खाडीकाठच्या गावातली, उंच, तेलकट वेणी घट्ट बांधलेली. भावाची पुरुषी सायकल ती अर्ध्या पायडलवर दामटत येई. बाबा त्या दिवशी वर्तुळाची स्पर्शिका शिकवत होते. स्पर्शिका वर्तुळाला एकाच बिंदूत स्पर्श करते, हे वाक्य मुलांनी चालीत म्हणून झाले होते आणि आता पुढचे प्रमेय यायचे होते. तेवढ्यात कुंदाचा आवाज आला.

"सर, एक इचारू का?"

"विचार."

"रस्ता म्हंजे स्पर्शिका, न् चाक म्हंजे वर्तुल. मग सायकल जोरान जाते तवा चाक सगलाच पुढं जातो का? का त्याची कुठं तरी एक जागा उभी असते?"

"पंक्चर झालं की सगळंच उभं असतं," मागून कोणीतरी म्हणाले आणि खोली हसली.

बाबा हसले नाहीत. पडद्याच्या फटीतून मला दिसले, त्यांनी खडू फळ्याच्या कडेवर ठेवला आणि चष्मा कपाळावर सरकवला. तो चष्मा दुपारचा होता. "कोणी बोलायचं नाही," ते म्हणाले. "ज्याला सापडेल त्याने वही मिटून ठेवायची. दुसऱ्याला सांगायचं नाही." आणि ते स्वतः सतरंजीच्या कडेला, मुलांमध्ये, खाली बसले.

बाहेरची खोली तशी शांत मी त्याआधी ऐकली नव्हती. पंख्याची करकर ऐकू येऊ लागली, भिंतीपलीकडच्या नळाचा थेंब ऐकू येऊ लागला. आईने तव्यावरची पोळी उलटता उलटता मान वळवली. "आज गप्प का गं सगळे? बाबांचा आवाज बसला का?"

"विचार करताहेत," मी म्हटले.

"कसला?"

"चाकाचा."

आईने माझ्याकडे पाहिले, मग पडद्याकडे, आणि गॅस बारीक केला. तिला काय दिसले असेल ते मला तेव्हा कळले नाही. थोड्या वेळाने मुले एकेक करून बाहेर जाऊ लागली. कुंदाची सायकल गल्लीत आणली गेली. टायरवर खडूने खूण केली, एक जण सायकल हळूहळू ढकलतो आहे आणि बाकीचे तिच्याबरोबर उकिडवे सरकत आहेत. बाबाही त्यांच्यात, धोतराचा सोगा एका हातात धरून. वरच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढत होत्या. त्या वाकून म्हणाल्या, "सर, पंक्चर काढायचा क्लास सुरू केलात का?" बाबांनी वर न पाहताच हात हलवला. संध्याकाळचा उजेड गल्लीत तिरपा पडला होता आणि त्या उजेडात खडूची पांढरी खूण वर येई, पुढे झुके, खाली जाई, पुन्हा वर येई. मोजक्या मुलांनी वह्या मिटल्या. कुंदाने मिटली नाही. ती शेवटपर्यंत चाकाकडे पाहत राहिली. प्रमेय त्या दिवशी झाले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी तोच प्रश्न परातीपाशी आणला. "कुंदाचा आहे, माझा नाही," हे त्यांनी आवर्जून सांगितले. त्यांचे फुलपात्र जेवण संपता संपताच पालथे झाले. आई म्हणाली, मला नाही बाई चाकातलं कळत, आणि ती बाजूला झाली. मी वाल सोलत राहिले. मधला भाग, आस, तो स्थिर असतो, असे वाटून माझा हात फुलपात्राकडे गेला. मग वाटले, पण तोही सायकलबरोबर पुढे जातोच की. हात मागे आला. बाबा पाहत होते आणि त्यांच्या डोळ्यांत ते न बोलता दिलेले उत्तेजन होते. चहाची वेळ झाली तरी माझे फुलपात्र भरलेलेच राहिले. "राहू दे," बाबा म्हणाले. "घाई कुठे आहे?"

रविवारी सकाळी पालक आले. पुढे होते पाटणकर. सौम्य, नीटनेटके गृहस्थ. त्यांचा मुलगा बॅचमध्ये होता आणि त्याला इंजिनिअरिंगला घालायचे हे त्यांनी त्याच्या मुंजीतच ठरवले होते. आईने चहा केला. मी पडद्याआड कप भरून देत होते, त्यामुळे सगळे ऐकले.

"सर, गैरसमज करून घेऊ नका," पाटणकर म्हणाले. "पण मुलं तासभर नुसती बसून राहिली, असं कानावर आलं."

"बसून नाही, विचार करत होती."

"हो, हो. विचार चांगलाच. पण तो प्रश्न बोर्डाला येतो का?"

"नाही येत."

"मग?"

दुसरे एक गृहस्थ म्हणाले, "विचार करायला शाळा आहे की, सर. तुमच्याकडे पाठवतो ते मार्कांसाठी," आणि त्यांच्या बोलण्यातली गंमत त्यांच्या ध्यानातही आली नाही. पाटणकरांचा आवाज खाली आला. "सर, मी गुहागरहून आलो तेव्हा मला काही येत नव्हतं. मला दुसरी संधी मिळाली ती नशिबानं. आमच्या मुलांकडे विचार करायला अख्खं आयुष्य आहे. दहावी एकदाच आहे."

हे लिहिताना त्यांच्यावर राग धरावा असे मला वाटते, पण धरता येत नाही. ते खरे बोलत होते. आपल्या गावापासून आणि आपल्या असहायतेपासून मुलांना लांब नेणारी एकच वाट त्यांना ठाऊक होती आणि ती आमच्या बाहेरच्या खोलीतून जात होती. बाबांच्या हातातल्या चहावर साय धरलेली मला फटीतून दिसली. ते एक वाक्य बोलतील, याची मी वाट पाहत होते. कोणते वाक्य, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. फक्त ते येणार, असा विश्वास होता, कारण दुपारचे बाबा मला माहीत होते आणि त्या लोकांना माहीत नव्हते.

"तुमचं बरोबर आहे," बाबा म्हणाले. "त्या दिवशीचं नुकसान भरून काढतो. जादा बॅच घेईन. दुपारी."

आत आईने रिकामी परात उचलली आणि मांडणीवर उभी करून ठेवली.

त्या आठवड्यापासून दुपारी बाहेरच्या खोलीत चपला वाढल्या. बाबा पाटावर बसून घाईने जेवत, उभ्यानेच पाणी पीत आणि फुलपात्र मोरीत ठेवून चष्मा नाकावर चढवत बाहेर जात. वाल आता आई एकटी सोली, आणि मग बिरडे रविवारचे झाले. मी एकदोनदा प्रश्नाचे नाव काढले. "प्रिलिम होऊ दे," ते म्हणाले. प्रिलिम झाली. मग बोर्ड झाले, मग सुट्टीतली बॅच सुरू झाली आणि नव्या मुलांना जागा करायला स्वयंपाकघरातही एक फळा लागला. त्या वर्षीचा निकाल उत्तम लागला. पाटणकर पेढे घेऊन आले. बाबांनी सगळ्यांची नावे रंगवून ओट्यावर फलक लावला, त्यात कुंदाही होती, बरीच वरती. मात्र त्या रविवारनंतर तिने वर्गात एकही प्रश्न विचारल्याचे मी ऐकले नाही. ती खाली मान घालून, सांगितलेले सगळे, भराभर लिहून घेत असे. पुढच्या वर्षी त्याच फलकावर माझेही नाव आले. बाबांनी मला कारणे द्यायला शिकवली होती, तीही उत्तम आणि मुद्देसूद. ती मला अजून पाठ आहेत.

आईशी मी या विषयावर एकदाच बोलले, ती आजारी असताना. "त्या पालकांना बाबा 'नाही' का म्हणाले नाहीत?" मी विचारले. "अगं, त्यांना वाटलं थोडे दिवस," ती म्हणाली. "तुला काय वाटतं, त्यांनी ठरवून सोडलं? ठरवून कोणी सोडत नाही." मग म्हणाली, "मला आवडायच्या हो त्या दुपारी. मी तेव्हा बोलले नाही." तिने त्याआधी हे मला कधी सांगितले नव्हते.

मी साहित्याकडे वळले आणि कल्याणच्या महाविद्यालयात बरीच वर्षे कविता शिकवली. एखादी ओळ वाचून झाल्यावर मी कधीकधी थांबे. वर्ग गप्प होई, पंख्याची करकर ऐकू येऊ लागे, खिडकीतून विठ्ठलवाडीच्या बाजूचा गरम वारा येई, आणि मला वाटे, आता. आता कोणाचे तरी फुलपात्र फरशीवर टेकेल. मग एखादी हुशार मुलगी पेन उघडून विचारी, "मॅडम, याचा अर्थ लिहून देता का?" तिच्या आवाजात उद्धटपणा नसे, काळजी असे. त्या काळजीपुढे मला काही बोलता येत नसे, जसे बाबांना आले नव्हते.

चाकाचे उत्तर मला सापडले ते अलीकडे, निवृत्तीनंतर. पाडव्याच्या शोभायात्रेसाठी डोंबिवलीच्या रस्त्यावर मुलींनी मोठी रांगोळी घातली होती आणि मी जुन्या मैत्रिणीबरोबर ती पाहायला गेले होते. हवेत चाफ्याचा, अत्तराचा आणि रांगोळीच्या कोरड्या पुडीचा वास होता. मिरवणूक यायच्या आधीच एक सायकलवाला गडबडीत त्या रांगोळीवरून सरळ निघून गेला. "अहो काका, डोळे घरी ठेवून आलात का?" मुली त्याच्या पाठीमागे ओरडल्या. सगळे हळहळत होते आणि मी वाकून पाहत होते. गुलाबी पुडीत टायरची नक्षी उमटली होती. एकेक खाच, एकेक रेघ, शिक्का मारावा तशी स्वच्छ. कुठेही फरफटलेली नाही, कुठेही पुसट नाही. त्याहून अधिक मी इथे लिहीत नाही, कारण वाचणाऱ्यांपैकी कोणाचे तरी फुलपात्र अजून भरलेले असेल. मी मात्र त्या गर्दीत, उन्हात, रस्त्यावर उकिडवी बसले आणि नववीतल्या त्या दुपारीचे दार कोणीतरी बाहेरून लोटावे तसे उघडले. मैत्रिणीने घाबरून विचारले, "चक्कर आली का गं?"

बाबा आता माझ्याकडे बाळकुमला असतात. वयाने पाठ वाकली असली तरी स्मरणशक्ती शाबूत आहे. उंच मजल्यावरच्या गॅलरीत खुर्ची टाकून ते माजिवड्याकडे जाणारी वाहने पाहतात. जुने विद्यार्थी आता पिकल्या केसांनी भेटायला येतात, वाकून नमस्कार करतात, आणि बाबा त्यांना त्यांचे गणिताचे गुण सांगतात. एकही चूक होत नाही. माझ्या नातीला ते संध्याकाळी शिकवतात आणि तिने वाकडातिकडा प्रश्न विचारला की मायेने म्हणतात, "हे परीक्षेला नाही, बाळा. पुढे चल."

पाडव्याच्या त्या दिवशी मी उन्हातून घरी आले तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. वाल आता सोललेलेच मिळतात. बिरडे, भात, आमसुलाचे सार, आणि मांडणीच्या मागून मी मुद्दाम काढलेली ती दोन फुलपात्रे, कल्हई कधीच उडालेली. आम्ही दोघे टेबलाशी बसलो. मी सहज म्हटल्यासारखे म्हटले, "बाबा, कुंदा म्हात्रे आठवते?"

"न आठवायला काय झालं? सायकलवर यायची. भूमितीत एक मार्क गेला तिचा. आकृतीला नाव द्यायला विसरली." ते भात कालवत राहिले. "हुशार मुलगी. सुरुवातीला जरा भरकटायची, मग लागली मार्गाला."

मी त्यांना प्रश्न विचारला नाही. उत्तरही सांगितले नाही. ते सांगायचे नसते. मी माझ्या फुलपात्रातले पाणी संपवले आणि ते टेबलावर पालथे घातले. टेबलाच्या काचेवर आवाज निराळा आला, बोथट, मागची थरथर नसलेला. पण आला. बाबांचा हात भातावर थांबला. त्यांनी फुलपात्राकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि त्यांच्या कपाळावर एक बारीक आठी उमटली, काहीतरी जिभेवर येऊन अडले असावे तशी. खाली कुठेतरी लिफ्टचे दार बंद झाले.

मग त्यांनी डावा हात लांब केला, माझे फुलपात्र अलगद उचलून सरळ ठेवले, जगमधले पाणी त्यात काठोकाठ ओतले आणि ते माझ्याकडे सरकवले.

"उन्हातून आलीस," बाबा म्हणाले. "आणखी पी."